बागेची मागची भिंत

४ नोव्हेंबर, मंगळवार

जूननंतर आज वही उघडली. हिची माफी मागायला हवी, कारण वेळ नव्हता हे खरं नाही. लिहायला बसले असते तर काय लिहिलं गेलं असतं, त्याची भीती होती.

आत्या राखीपौर्णिमेला काष्टीहून आल्या त्या राहायलाच. इतकी वर्षं सासू म्हणजे सणावाराला भेटणारं माणूस. आता तेच माणूस सकाळी उठून मला विचारतं, "तू कुनाची गं?" गावाकडे दोनदा रान सोडून दौंडच्या रस्त्याला लागल्या होत्या. दुसऱ्यांदा दुधाच्या टेम्पोवाल्याने ओळखलं म्हणून परत आल्या. धाकट्या दिरांनी हात जोडले, "वहिनी, शहरात दवाखाना तरी जवळ हाय." डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. औषध सांगितलं नाही, म्हणजे सांगितलं, पण त्याने बरं होणार नाही हे त्यांच्या तोंडावरूनच कळलं.

घर दुसऱ्या मजल्यावर. दाराला वरची कडी बसवून घेतली आहे, त्यांचा हात पोचत नाही तिथे. दुपारी त्यांना सांभाळायला शोभाबाई असते तेव्हाही कडी, मी कॉलेजच्या ग्रंथालयातून आल्यावरही कडी. संध्याकाळ झाली की दार हलवत उभ्या. "कवाड उघडा, गुरं तान्हेली हायती." मी म्हणते, पाजलं पाणी. त्या म्हणतात, "कुनी पाजलं?" मग मला नाव सुचत नाही.

माणसाला कडीत ठेवायचं आणि त्याला काळजी म्हणायचं.

आज सहन होईना म्हणून हात धरून खाली उतरवलं आणि कोपऱ्यावरच्या सरकारी बागेत नेलं. मनमाड रोडवरचा तो सगळा गोंगाट, ट्रकचे हॉर्न, रिक्षा. फाटकातून आत गेलं की तो असतो, पण भिंतीपलीकडे. पुरुषभर उंच दगडी भिंत, चारी बाजूंनी. फाटक एकच, तिथे राखणदार शेखचाचा. एवढी वर्षं या भिंतीला लागून कॉलेजला गेले, कधी नीट बघितली नव्हती. तुरुंगासारखी दिसते, असंच लग्नानंतर एकदा संजयला म्हटल्याचं आठवतं.

शेखचाचांना थोडक्यात सांगितलं. म्हणाले, "ताई, माझ्या समोरून मावशी बाहेर जाणार नाहीत. तुम्ही बसा निवांत."

हात सोडला. बाकावर बसले. कितीतरी वेळ हात मांडीवर नुसता पडून होता, त्याला काय करावं कळत नव्हतं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज नीट बघितलं. आत्या बागेत फिरत नाहीत. त्या भिंतीच्या कडेकडेने चालतात, एक हात दगडाला लावून. कोपऱ्यातल्या लिंबाशी थांबतात, खाली बघतात, पुढे जातात. दुसऱ्या फेरीला मी बरोबर गेले. लिंबाखाली म्हणाल्या, "हद्दीचा दगड हितं हुता. गाडला जनू."

बांध! त्या बांधावरून चालतायत. रानाची फेरी.

मी काही बोलले नाही. हे खोटं बोलणं होतं का? 'हे तुमचं रान' असं मी म्हटलं नाही. 'तुमचं नाही' असंही म्हटलं नाही. दोन्ही न बोलण्यातला सोयीचा भाग माझा.

परतताना दार हलवलं नाही. जेवल्या आणि झोपल्या.

९ नोव्हेंबर, रविवार

फजिती. आत्यांनी पदर भरून लाल माठ आणला आणि माझ्यासमोर बाकावर ओतला. "संध्याकाळची भाजी झाली. लसूण हाय का घरात?" मागून माळी बबनराव पळत, हातात पाण्याचा पाइप तसाच.

"मावशी, ओ मावशी, ती भाजी न्हाई! ती बॉर्डर हाय!"

"कसली बाडर?"

"शोभेची. कडंला लावतेत. साहेब आत्ताच बघून गेले."

आत्यांनी एक पान चुरगाळून नाकाशी धरलं, मग त्याच्याकडे बघितलं. "बांधावर लावतंय, खातबी न्हाई, विकतबी न्हाई. रिकामा हायस व्हय रं?"

बाकावरच्या बायका हसल्या. बबनराव आधी रागावला, मग तोही. मी रोपांची भरपाई देते म्हटलं तर म्हणाला, "राहू द्या ताई, फांदी खोचली की जगतंय ते." लिंबाच्या कोपऱ्यातला एक गवताळ तुकडा त्याने आत्यांना दाखवला. "मावशी, हे तुमच्याकडं. हितं कायबी उपटा. पर माझ्या बाडरला हात न्हाई लावायचा." आणि स्वतःचं जुनं खुरपं दिलं.

खुरपं हातात आल्यावर आत्यांची बसण्याची पद्धतच बदलली. एक गुडघा वर, एक खाली. कमरेचं दुखणं कुठे गेलं कोण जाणे.

रात्रीच्या भाजीला घरात मेथी होती. म्हणाल्या, "हा आपला माठ न्हवं."

१३ नोव्हेंबर, गुरुवार

संजय फॅक्टरीतून लवकर आला तर थेट बागेत आला. आई खुरपतेय आणि बायको पेपर वाचतेय हे बघून फाटकातच उभा राहिला. "तू आईला बागेत सोडतेस, बालवाडीत सोडल्यासारखं."

सहज म्हणाला. मला लागलं, कारण खरं होतं. मी त्यांच्यासाठी बागेत जाते की माझ्यासाठी? कालपासून पेपर नेते. आज तर चक्क गुणगुणत होते. शेजारच्या बाई वळून बघायला लागल्या तेव्हा कळलं. एवढ्यात कधी गुणगुणले होते, आठवत नाही.

संजय थोड्या वेळाने आईजवळ जाऊन बसला. त्यांनी त्याला ओळखलं नाही, पण उपटलेलं गवत त्याच्या हातात दिलं, "गोठ्यात टाक." तो ते गवत घेऊन बागेत एक चक्कर मारून आला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

काष्टीच्या बाजाराचा वार. आत्यांना वार कळत नाही, पण शनिवार कळतो. सकाळपासून लुगडं बदलायचं चाललेलं. "बैल बघाया जायाचं. ह्यांला म्हनावं आटपा." सासरे जाऊन किती वर्षं झाली, ते मी आता सांगत नाही. एकदा सांगितलं होतं तेव्हा त्या नव्याने रडल्या होत्या.

बागेत नेलं. बाजाराच्या वाटेवर भिंत लागली, तिच्या कडेने वळल्या. दोन फेऱ्यांत बाजार झाला. "भाव लई चढल्यात," म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे."

अशा वेळी वाटतं, ज्याने ही भिंत बांधली त्याला

(फोन आला. वाक्य राहिलं. राहू दे.)

१७ नोव्हेंबर, सोमवार

साळवेताईंशी आता रोज बसणं होतं. सिव्हिलमध्ये नर्स होत्या, निवृत्त झाल्या. पहिल्या दिवशी आत्यांचा हात धरून नाडी बघितली आणि मला म्हणाल्या, "यांचं सोड, तू कधी झोपतेस?" तेव्हापासून मैत्री. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तरी चालत येतात, नात बरोबर. राहतात बागेच्या अगदी पाठीमागच्या वस्तीत. त्यांच्या गॅलरीतून बागेतली झाडं दिसतात म्हणे, पण यायचं तर सगळा वळसा घालून मनमाड रोडवरून, ट्रक चुकवत.

आज खुशीत होत्या. "अगं वैशाली, मंजूर झालं! मागच्या भिंतीला दार पाडणार. रविवारी इंजिनिअर येतोय बघायला. आमच्या गल्लीतली पोरं गटारीच्या फरश्यांवर खेळतात गं, बाग दिसते म्हणून नुसती टाचा वर करतात. आता बघ."

मी म्हटलं, "वा, चांगलंच होईल."

तोंडाने म्हटलं. दुसरं दार, तिथे राखणदार नाही, आणि पलीकडे थेट रस्ता.

आत्या तेवढ्यात लिंबाशी पोचल्या होत्या. भिंतीला हात लावून.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दार नको असं वाटणं हा स्वार्थ आहे का? आहे. एका म्हातारीसाठी एका वस्तीने बाहेर राहायचं? नाही. हे दोन्ही सरळ आहे. मग झोप का नाही?

संजयला विचारलं. म्हणाला, "दार होईपर्यंत आईचं काय होईल कोणाला माहीत." तो असं बोलतो तेव्हा कठोर वाटतो, पण भांडी घासताना त्याचा चेहरा बघितला.

२३ नोव्हेंबर, रविवार

इंजिनिअर आला, तरुण, कानाला मोबाईल. चालायला येणारी सगळी मंडळी जमली. मागच्या वस्तीतूनही बायका आलेल्या. आज पहिल्यांदाच एवढ्या एकदम बघितल्या. एक म्हणाली, "साहेब, आमच्या घरातून बागेतला मोर दिसतो, राखणदाराची शिटी ऐकू येती, पण यायचं म्हटलं की जीव मुठीत." एक आजोबा दार नको म्हणणारे, "शिस्त बिघडेल." त्यांना साळवेताईंनी, "शिस्त काय फक्त पुढच्या फाटकातूनच आत येते का हो?" असं विचारल्यावर हशा झाला.

मी ठरवून गेले होते की गप्प बसायचं. बसले नाही. म्हटलं, "दार असावं. पण तिथेही राखणदार असेल का?"

"मॅडम, एवढी माणसं कुठून आणायची?"

"मग निदान..." निदान काय? माझ्या सासूबाई अशा आहेत, असं चारचौघांत म्हणायला जीभ वळेना. लाज कसली होती? त्यांची की माझी?

गर्दी पांगल्यावर साळवेताई शेजारी बसल्या. मग, "मावशींसाठी बोललीस ना?"

"हो."

"मग तसं सांगायचं. राखणदार राखणदार काय. आमच्या बाया काय म्हणतायत माहितीय? 'त्या बाईंना आपण आत नको आहोत.'"

"ताई, मी असं..."

"मला माहितीय गं. पण एक ऐक. तुमच्या बाजूनं ही भिंत म्हणजे आडोसा. आमच्या बाजूनं नुसती पाठ. इतकी वर्षं पाठ बघतोय आम्ही."

नातीचा हात धरून उठल्या. रोज "येते गं" म्हणतात. आज म्हणाल्या नाहीत.

२६ नोव्हेंबर, बुधवार

दोन दिवस बागेत गेले नाही. तोंड दाखवायला नको वाटलं, हे खरं कारण. आत्यांना सर्दी आहे, हे शोभाबाईला सांगितलेलं.

शिक्षा आत्यांना झाली. संध्याकाळभर कडीचा आवाज.

काल पलीकडच्या मोकळ्या मैदानात नेऊन बघितलं. भिंत नाही, कुंपण नाही. हात सोडता आला नाही. त्या ओढतायत, मी धरून ठेवतेय. शेवटी माझ्या मनगटावर फटका मारला आणि ओरडल्या, "सोड! मी काय चोर हाय?" क्रिकेट खेळणारी पोरं थांबून बघत होती.

भिंतीत मोकळ्या असतात आणि मोकळ्यावर बांधलेल्या. हे कोणाला सांगितलं तर हसेल.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

गेलो. शेखचाचा, "मावशी, कुठं होता? रान ओस पडलं." (त्यांना कोणी सांगितलं रानाचं? बबनरावने असणार.) आत्या, "पावनी आलती." खोटं किती सहज बोलल्या. दोघीही खोटारड्या आम्ही.

साळवेताई लांबच्या बाकावर होत्या. हात केला त्यांनी. मीही केला. तेवढंच.

२ डिसेंबर, मंगळवार

काही विशेष नाही. थंडी. आत्यांचा खुरपलेला तुकडा एवढा स्वच्छ की बबनराव म्हणतो तिथे ज्वारी पेरू. दाराचं काम कधी सुरू होणार, त्याला माहीत नाही. "या सालात झालं तर नवल."

हे ऐकून सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच वाईट वाटलं. साळवेताईंना उद्या भेटून सरळ बोलायचं.

५ डिसेंबर, शुक्रवार

अक्षर वेडंवाकडं येतंय. पण लिहायचंच.

काल-परवा कॉलेजला तपासणी, बागेत संजय घेऊन जात होता. आज मी. नेहमीसारखं फाटकातून आत, शेखचाचांना नमस्कार (ते नुकतेच ड्यूटीवर आलेले), हात सोडला, बाकावर बसले. पेपर उघडला. साळवेताई नव्हत्या. म्हटलं, आज नाही तर उद्या बोलू.

किती वेळ गेला माहीत नाही. एक रिक्षा वाजली, आणि आवाज चुकीच्या बाजूने आला. मागून. बागेच्या आतून आल्यासारखा.

पेपर तिथेच टाकून पळाले. वळणापलीकडे गेल्यावर दिसलं. मागच्या भिंतीला खिंडार. बैलगाडी जाईल एवढं. दुपारीच फोडलेलं, दगडांचा ढीग, धूळ अजून ताजी, दोरीसुद्धा बांधलेली नाही. पलीकडे गल्ली, गल्लीच्या टोकाला रस्ता, आणि लिंबाखाली आत्या नाहीत. खुरपं नाही. आत्या नाहीत.

त्या क्षणात मी काय काय बघितलं ते लिहीत नाही. दौंडचा रस्ता बघितला एवढं पुरे.

मग आवाज ऐकला. आत्यांचा. करडा, रानात गुरं घुसल्यावर लावायचा तो.

"हितून न्हाई! रानातून वाट न्हाई! पल्याडनं जा, बांधावरनं!"

दगडांच्या ढिगाआड होत्या. भिंत फोडण्याआधी बबनरावने तिथली बोगनवेल छाटून ढीग लावून ठेवला होता. त्यातल्या फांद्या ओढून ओढून आत्यांनी खिंडारात घातलेल्या, एकात एक अडकवून, बुडखे आत आणि काटे बाहेर. गावाकडे बांध फुटला, कुंपण पडलं की घालतात तशी कुपाटी. लाल-गुलाबी कागदी फुलांची कुपाटी! आणि तिच्या आत, फोडलेल्या दगडावर, खुरपं मांडीवर घेऊन, राखणीला बसलेल्या.

बाहेर साळवेताई, त्यांची नात आणि वस्तीतल्या तीन-चार बायका. साळवेताई हसून हसून भिंतीला टेकलेल्या. "वैशाली! अगं, इतक्या वर्षांनी दार पाडलं आणि तुझ्या सासूबाईंनी बंद केलं!"

मी आत्यांशेजारी बसले. रडले का हसले, मला माहीत नाही. आत्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "रडती कशाला? खिंडार पडलं हुतं. बुजवलं. गुरं शिरली असती."

बाहेर जाण्याचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. रान उघडं टाकून कोण जातं?

मग तो प्रकार झाला. साळवेताई काट्यांपलीकडून वाकून म्हणाल्या, अगदी गावाकडच्या बाईसारख्या, "मावशी, लांबून आलोय. पाणी प्यायला तरी येऊ द्या आत."

आत्या एकदम वेगळ्या झाल्या. उठल्या, लुगडं झटकलं. "पान्याला कोन न्हाई म्हनतं? या की. तान्हेल्याला आडवत्यात व्हय?" आणि स्वतःच्या हाताने एक फांदी बाजूला ओढली. नात आधी, मग बायका, मग साळवेताई गुडघा सांभाळत. शेवटची बाई आत आल्यावर आत्या म्हणाल्या, "कवाड लावून घ्या."

त्या बाईने मुकाट्याने फांदी परत ओढून लावली.

आत्यांचे तळवे बघितले तर रक्ताळलेले. बाकावर बसवून साळवेताईंनी चष्मा चढवला आणि सेफ्टी पिनने एकेक काटा काढला. आत्या हू की चू नाही. उलट विचारत होत्या, "तुमची किती एकर?"

"आमची नाही, मावशी."

"मंग इकडंच येत जावा. खुरपाया मानसं लागत्यातच."

मी साळवेताईंना तेव्हाच सांगितलं. सगळं. कडी, दौंडचा रस्ता, मैदान, दार नको वाटणं, पेपर, गुणगुणणं. त्या काटे काढत ऐकत होत्या, वर बघितलं नाही, त्यामुळे बोलता आलं. शेवटी म्हणाल्या, "हे तेव्हा सांगितलं असतंस तर मीच उभी राहिले असते की गं. आम्हाला दार पाहिजे होतं. उघडंच राहणारं पाहिजे असं कोण म्हणालं?"

उद्या सहा डिसेंबर, त्या नाहीत. रविवारी ठेकेदाराकडे दोघींनी जायचं ठरलं.

७ डिसेंबर, रविवार

गेलो. ठेकेदार आधी म्हणाला, नकाशात साधं लोखंडी फाटक आहे. साळवेताईंनी त्याला त्याच्या आईचं विचारलं. आहे का, किती वय, चालते का. मग त्याने नकाशा पुन्हा उघडला. आपोआप लागणारं फाटक करून देतो म्हणाला, वजन बांधून. कडी वर, आत्यांचा हात पोचणार नाही पण बाकी मोठ्यांच्या हाताला येईल अशी. लहान पोरांना मोठ्यांनी उघडून द्यायची.

वरची कडी. परत वरची कडीच. पण ही घराला नाही.

मी विचारलं, चालेल ना तुमच्या बायकांना? साळवेताई म्हणाल्या, "आमच्या घरात पण म्हातारी माणसं आहेत वैशाली. फक्त त्यांना अजून बाग नव्हती."

परतताना "येते गं" म्हणाल्या.

११ डिसेंबर, गुरुवार

लोखंडी फाटक यायला वेळ आहे. तोवर कुपाटी. बबनरावने सुकलेल्या फांद्या काढून ताज्या घातल्या, "मावशी वरडत्यात नायतर." आत्या रोज तिथे. मागच्या गल्लीतली पोरं आत येताना ओरडतात, "कवाड लावलं, मावशी!" एकाने लावलं नाही तर त्याला परत पाठवतात, आणि तो जातो. शिस्तवाले आजोबा आज स्वतः पोरांना फांदी धरून देत होते.

गटारीच्या फरश्या रिकाम्या झाल्या असतील.

मी आता लिंबाजवळच्या बाकावर बसते, तिथून खिंडार दिसतं. पेपर नेते. वाचतेही. पूर्ण नाही, अधूनमधून मान वर. पुरे आहे एवढं. खूप आहे.

१६ डिसेंबर, मंगळवार

आज आत्यांनी मला नावाने हाक मारली. "वैशाले." मी जवळ गेले. दगडावर बसल्या होत्या, ऊन उतरत होतं, पोरांचा कालवा. सगळीकडे बघून म्हणाल्या, "हे आपलं रान हाय का गं?"

इतके दिवस मी जे टाळत होते, तेच त्यांनी विचारलं. आणि स्पष्ट डोळ्यांनी. खोटं बोलता आलं नाही.

"नाही, आत्या. हे सगळ्यांचं आहे."

मला वाटलं आता उठतील, घरी चल म्हणतील, किंवा काष्टी. तसं झालं नाही. खुरप्याने पायाजवळचं एक गवताचं मूळ उकरलं.

"मंग तर राखायाच पायजे," म्हणाल्या.

संजयला सांगितलं. तो तोंड धुवायला गेला आणि बराच वेळ नळ चालू होता.

२० डिसेंबर, शनिवार

फाटक बसलं. हिरवं, नवा रंग, अजून हाताला लागतो. वजन बांधलेलं आहे. सोडलं की स्वतःच सरकत येतं आणि खट् करून लागतं. साळवेताईंच्या नातीने दहा वेळा करून बघितलं, आजीला कडी उघडायला लावून. वस्तीतल्या एका बाईने फाटकाला हळद-कुंकू लावलं, दुसरीने पेढे वाटले, मलाही दोन. ती तेव्हाचीच, "त्या बाईंना आपण आत नको" म्हणणारी असेल का? विचारलं नाही. पेढा खाल्ला.

आत्या आज बाजाराच्या वारामुळे लवकर थकल्या. फाटक बघितलंच नाही त्यांनी. त्यांची कुपाटी त्याच्या आतल्या अंगाला अजून तशीच आहे, थोडी बाजूला सारून, माणसं तिला वळसा घालून येतात.

निघताना बबनराव म्हणाला, "ताई, सोमवारी साहेब बघाया येनार. मावशी न्हाईत तवर ह्या काट्या उचलतो. त्यांला कळायचंबी न्हाई."

एकदम हो म्हणणार होते. सोपं होतं. कळणार नाही हेही बहुतेक खरं. पण कडी लावतानाही मी हेच म्हटलं होतं की त्यांना कळणार नाही, आणि त्या रोज संध्याकाळी दार हलवत उभ्या राहायच्या.

काट्या गेल्यावर त्या लोखंडाला कवाड म्हणतील की नुसती वाट म्हणतील? वरची कडी हाताला लागत नाही म्हणून गजांशी उभ्या राहून हलवत बसतील? की एखाद्या लहानग्यासाठी कोणी उघडलं आणि त्या मागोमाग... किंवा काहीच नाही, दगडावर बसून फक्त म्हणतील, "लावून घ्या." मला माहीत नाही. बबनरावला म्हटलं, हात लावू नका, मी बघते.

घरी आलो. वरची कडी लावायला हात वर गेला आणि तसाच थांबला. आत्या आपल्या आपण पलंगाकडे गेल्या होत्या. लावली. पण आज पहिल्यांदाच लावताना त्यांच्याकडे बघून म्हटलं, "आत्या, कवाड लावते हं." म्हणाल्या, "लाव की."

उद्या : बागेतल्या काट्या काढायच्या, आत्यांच्या देखत, त्यांना विचारून.